शाळा आणि घर यांची भागीदारी वर्षभर कशी चालवावी: जिल्हा परिषद शाळांतील शिक्षक व पालकांसाठी मार्गदर्शन

आपल्याकडे पालकांना शाळेत बोलावले जाते ते बहुतेक वेळा मुलाची तक्रार सांगण्यासाठी, कागदावर सही घेण्यासाठी किंवा झेंडावंदनाला. पालक येतात, मागच्या बाजूला उभे राहतात आणि आपल्या मुलाला वाचता येते की नाही, याविषयी एक वाक्यही न ऐकता घरी परततात. पुढे 'पालकांना शिक्षणाची आस्था नाही' असे शिक्षक म्हणतात आणि 'शाळेत काही शिकवत नाहीत' असे पालक म्हणतात. माझे ठाम मत असे आहे की हा दुरावा कमी करण्यासाठी पहिले पाऊल शाळेनेच उचलायला हवे आणि शाळा व घर यांच्यातील बोलण्याचा विषय वर्षभर एकच असावा: हे मूल आज काय करू शकते आणि पुढच्या महिन्यात त्याला काय जमायला हवे. रंगरंगोटी, लोकवर्गणी, स्नेहसंमेलन ही कामे चांगलीच आहेत, पण ती या बोलण्याची जागा घेऊ शकत नाहीत. पुढील मार्गदर्शन ग्रामीण भागातील पहिली ते पाचवीच्या जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. नगरपालिका व महानगरपालिकांच्या शाळांनाही त्यातील बराच भाग लागू पडेल.

आधी कायदा समजून घ्यावा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये सांगितली असून पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व शिकण्यातील प्रगती पालकांना कळवणे, हे त्यांपैकी एक आहे. म्हणजे पालक सभा हा उपक्रमशील शिक्षकाचा जादा उत्साह नसून शिकवण्याइतकेच ते त्याचे नेमून दिलेले काम आहे. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करावी लागते, तिच्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. खाजगी अनुदानित शाळांत या समितीचे काम केवळ सल्ला देण्यापुरते असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची अधिकृत कामे आहेत. ही दोन कलमे मराठीत छापून शाळेच्या दर्शनी भागात लावावीत आणि पहिल्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावीत. आपल्याला बोलण्याचा हक्क आहे, हे कळल्याशिवाय सामान्य पालक शाळेत तोंड उघडत नाही.

जून–जुलै: गृहभेटी

शाळा जूनच्या मध्यावर, आणि विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा, उघडते. पहिल्या दीड महिन्यात वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाच्या घरी एकदा जावे. हे अशक्य वाटते, परंतु हिशेब करून पाहावा. दोन शिक्षकी शाळेचा पट चाळीस असेल तर एकाच घरातील भावंडे वगळता घरे तीसच्या आसपास भरतात. दोघांनी मिळून आठवड्यातून दोन संध्याकाळी तीन-तीन घरे केली, तर पाच आठवड्यांत गाव पूर्ण होते. जुलैमध्ये पेरणी व लावणीची गडबड असते, म्हणून दिवेलागणीनंतरची वेळ घ्यावी आणि आदल्या दिवशी मुलाकरवी निरोप धाडावा. अचानक गेल्यास घरची माणसे संकोचतात आणि सारा वेळ चहाच्या धावपळीत जातो.

या पहिल्या भेटीत तक्रार करायची नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा. हातात नोंदवही किंवा फॉर्म घेऊन बसू नये, कारण लिहिणारा माणूस दिसला की लोक त्याला सर्वेक्षणवाला समजून मोजके बोलतात. विचारायचे ते साधे असावे. मूल सकाळी किती वाजता उठते, त्याला शाळेसाठी कोण तयार करते, संध्याकाळी ते कुठे बसते, घरात कोणाला वाचता येते, मूल कशात रमते, त्याला कशाची भीती वाटते. यांपैकी 'घरात कोणाला वाचता येते' हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. पटावर पालक म्हणून वडिलांचे नाव असते, परंतु मुलाचा अभ्यास प्रत्यक्षात आठवी-नववीतली बहीण घेत असते किंवा मूल आजीजवळ राहत असते. शाळेला ज्याच्याशी बोलायचे आहे ती व्यक्ती कोण, हे घराच्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही. ती व्यक्ती सापडली की पुढच्या सर्व निरोपांवर तिचे नाव घालावे. नोंद घरातून बाहेर पडल्यावर, चार-पाच ओळींत, स्वतःच्या वहीत करावी.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारमध्ये भिली किंवा पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या घरांत जाताना शिक्षकाला त्या भाषेतील ख्यालीखुशालीची दहा-वीस वाक्ये तरी यायला हवीत. ती मुलांकडूनच शिकावीत. आपल्या गुरुजींना आपली बोली शिकवणारे मूल वर्गातही अधिक मोकळे होते, हे अनेक शिक्षकांनी पाहिले आहे.

पहिली पालक सभा

सभेची वेळ पालकांच्या सोयीची असेल तरच उपस्थितीची अपेक्षा करण्याचा शाळेला हक्क आहे. मजुरी करणाऱ्या आईला दुपारी दोन वाजता बोलावणे म्हणजे तिला अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायला सांगणे होय. ज्या गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी शेतीकामाला सुट्टी असते तेथे त्या दिवशी सकाळी सभा घ्यावी, इतरत्र संध्याकाळी घ्यावी. निमंत्रण छापील पत्राऐवजी मुलाच्या अक्षरातील असावे. दुसरीतल्या मुलाने स्वतः लिहिलेले 'आई, शनिवारी शाळेत ये, मी तुला वाचून दाखवणार आहे' हे दोन ओळींचे पत्र कोणत्याही परिपत्रकापेक्षा अधिक पालकांना शाळेत आणते.

सभेत भाषणे ठेवू नयेत. मुख्याध्यापकांनी दहा मिनिटांत वर्षाची रूपरेषा सांगावी आणि लगेच वर्गवार बैठक सुरू करावी. वर्गात एकेका पालकाला आपल्या मुलासोबत शिक्षकाच्या शेजारी बसवून आठ-दहा मिनिटे द्यावीत, बाकीच्या पालकांनी तोवर भिंतीवर लावलेली मुलांची लेखनपत्रे पाहावीत. पट मोठा असेल तर हे काम दोन दिवसांत विभागावे.

या आठ-दहा मिनिटांत काय घडावे, ते एका उदाहरणाने सांगतो. तिसरीतली मुलगी आईशेजारी बसून पाठ्यपुस्तकाबाहेरचा चार ओळींचा परिच्छेद वाचते. पहिल्या दोन ओळी सुरळीत जातात, 'प्रत्येक' या शब्दाशी ती अडखळते, 'प... प्र...' करत थांबते, आणि पुढे 'स्वच्छ' या शब्दाशीही तसेच होते. शिक्षक आईला सांगतो, "ताई, हिला साधे शब्द न अडता वाचता येतात. जोडाक्षर आले की थांबते. दिवाळीपर्यंत ही अडचण दूर करायची आहे. त्यासाठी मी रोज वर्गात तिच्याकडून पाच जोडाक्षरांचे शब्द वाचून घेईन. तुम्ही रात्री जेवणानंतर तिला तेच पाच शब्द वाचून दाखवायला सांगा." आई निरक्षर असली तरी आपली मुलगी कुठे थांबली, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेले असते. 'अभ्यासात लक्ष द्या' या सल्ल्यातून तिला काहीच हाती लागत नाही, 'रोज पाच शब्द' यातून नेमके काम हाती लागते. प्रत्येक पालकाशी बोलणे अशा एका, आणि एकाच, कामावर संपले पाहिजे. चार कामे सांगितली की एकही होत नाही.

वाचनाची पातळी पालकांना समजेल अशा शब्दांत सांगण्यासाठी 'असर' या सर्वेक्षणातील साधी पायरी उपयोगी पडते: मुलाला अक्षर ओळखता येते, शब्द वाचता येतो, छोटा परिच्छेद वाचता येतो की पूर्ण गोष्ट वाचता येते. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून सुरू झालेले हे सर्वेक्षण घरोघरी जाऊन केले जाते, त्यामुळे त्याची भाषाच घरच्या माणसांना कळेल अशी आहे. श्रेणी व टक्केवारी सांगण्यापेक्षा 'तुमचा मुलगा शब्द वाचतो, परिच्छेदाला अडतो' हे सांगणे केव्हाही चांगले.

शिकलेले नसलेल्या पालकांनी घरी काय करावे

'आम्हाला काय कळतंय, गुरुजी, तुम्हीच बघा' हे वाक्य प्रत्येक शिक्षकाने ऐकलेले असते. त्यात अनास्था नसते, आपण उपयोगाचे नाही ही खंत असते आणि तिला उत्तर देणे शाळेचे काम आहे. मुलाला शिकवणे ही घराची जबाबदारी नाही, ते शाळेने करायचे. घराने शिकण्याला वेळ, जागा आणि ऐकणारा माणूस द्यायचा.

पहिली सवय गोष्ट ऐकण्याची लावावी. मुलाने शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तक घरी न्यावे, आईने किंवा आजीने भाजी निवडताना, दूध काढून झाल्यावर, जेव्हा हात मोकळा होईल तेव्हा ते ऐकावे आणि मध्येच 'मग पुढे काय झालं?' आणि 'तू असतास तर काय केलं असतंस?' एवढेच विचारावे. या दोन प्रश्नांना अक्षरओळख लागत नाही, पण मुलाला अर्थाकडे लक्ष देऊन वाचावे लागते. यासाठी शाळेने पुस्तके कपाटातून बाहेर काढायला हवीत. पुस्तक फाटेल या भीतीने कुलपात ठेवलेले ग्रंथालय असण्यापेक्षा थोडी फाटलेली पुस्तके घरोघर फिरणे कितीतरी बरे.

गणितासाठी घरातला हिशेबच पुरतो. डेअरीला घातलेल्या दुधाची पावती हे त्याचे उत्तम साधन आहे. सकाळचे व संध्याकाळचे लिटर, फॅट, दर आणि रक्कम हे सारे त्यावर असते. तिसरीच्या मुलाने दोन वेळच्या दुधाची बेरीज करावी, पाचवीच्या मुलाने दर व लिटर यांचा गुणाकार करून रक्कम पडताळावी. बाजाराचा हिशेब, खताच्या पिशव्या, बचत गटाची वर्गणी यांवरही असेच करता येते. शाळेने आठवड्यातून एकदा 'घरचा हिशेब' लिहून आणायला सांगितले, तर वडीलही नकळत त्यात ओढले जातात.

राज्यात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारी अभियान राबवले गेले तेव्हा गावोगावी माता पालक गट तयार झाले आणि आयांना घरी करून घेण्याच्या सोप्या कृतींची कार्डे दिली गेली. 'निपुण भारत' अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि मुलांना तिसरीपर्यंत पायाभूत वाचन, लेखन व अंकज्ञान यावे हे त्याचे उद्दिष्ट आहे, त्यामुळे हे गट पहिलीच्या दारात सोडून देऊ नयेत. पाच-सहा आयांचा एक गट, शेजारच्या घरांचा, आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी अंगणात अर्धा तास जमणारा, एवढीच रचना ठेवावी. गटात लिहिता-वाचता येणारी एक जरी आई असली तरी काम चालते. शिक्षकाने महिन्यातून एकदा जाऊन पुढच्या कृती द्याव्यात, रोज फोटो मागू नयेत. फोटोसाठी चाललेला गट फोटो बंद झाले की मोडतो.

रोजचा संपर्क

व्हॉट्सॲपचा वर्गगट ठेवावा, पण त्यावर कोणाही मुलाचे गुण, तक्रार किंवा गैरहजेरी टाकू नये. ते वैयक्तिकच कळवावे. वाचता न येणाऱ्यांसाठी तीस सेकंदांचा बोललेला निरोप पाठवावा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी मुलाच्या दप्तरातील संपर्क वही हाच मार्ग आहे. महिन्यातून एकदा तरी प्रत्येक घराला मुलाने चांगले काय केले, हे कळवणारा निरोप गेला पाहिजे. शाळेचा फोन आला की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो, कारण आजवर तो फक्त वाईट बातमी घेऊन आलेला असतो.

प्रगतीपत्रकातील वर्णनात्मक नोंदींबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. २०१० पासून राज्यात आकारिक (वर्षभर चालणारे) व संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापन आले आणि नोंदींची पद्धत रूढ झाली. मात्र 'अभ्यासात प्रगती समाधानकारक', 'स्वच्छता पाळतो' अशी ठरावीक वाक्ये अख्ख्या वर्गाला लावली गेली, तर त्या नोंदीचा पालकाला काडीचाही उपयोग नाही. 'हातच्याची वजाबाकी वस्तू घेऊन करतो, कागदावर अडतो' ही नोंद पालकाला, मुलाला आणि पुढच्या शिक्षकालाही काहीतरी सांगते.

गैरहजेरी आणि स्थलांतर

मूल सलग तीन दिवस आले नाही तर चौथ्या दिवशी घरी जावे किंवा फोन करावा, आणि प्रश्न 'का नाही पाठवलं?' असा न विचारता 'सगळं बरं आहे ना?' असा विचारावा. कारण आजारपणाचे असू शकते, धाकटे भावंड सांभाळण्याचे असू शकते, कापूस वेचणीचे असू शकते किंवा शाळेत कोणीतरी त्रास देत असल्याचेही असू शकते. शेवटचे कारण घरच्यांनाही बऱ्याचदा माहीत नसते.

बीडसह मराठवाड्यातील आणि अहिल्यानगरच्या पाथर्डीसारख्या तालुक्यांतील कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. या गावांत शाळेने सप्टेंबरमध्येच, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी येण्याआधी, प्रत्येक जाणाऱ्या कुटुंबाशी बोलावे. मूल मागे राहू शकते का, राहिले तर कोणाकडे, आजी-आजोबा त्याचे करू शकतील का, हे विचारावे. अशा मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय चालवली जाते, तिचा प्रस्ताव वेळेत पाठवावा. मूल आईवडिलांसोबत जाणारच असेल, तर त्याला शिक्षण हमी कार्ड द्यावे, त्यावर त्याची सध्याची पातळी लिहावी आणि ज्या कारखान्याच्या परिसरात कुटुंब जाणार आहे तेथील शाळेचा शोध घेऊन तेथील मुख्याध्यापकांना फोन करावा. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे आणि पालकांना ते निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. मूल परत येईल तेव्हा वर्गाने त्याला मागे पडलेला म्हणून न वागवता, शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात त्याची पातळी पाहून जादा वेळ द्यावा आणि तेवढ्यासाठी आईवडिलांची पुन्हा एक भेट घ्यावी.

शाळा व्यवस्थापन समिती कामाला लावणे

समितीची निवड पालकांच्या सभेत, वर्गवार आणि उघडपणे व्हावी. अध्यक्ष पालकांतूनच असतो आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. ग्रामपंचायतीचे राजकारण समितीत शिरू नये असे वाटत असेल, तर ज्यांची मुले खरोखर या शाळेत शिकतात आणि ज्या स्वतः बोलतात अशा आयांना पुढे आणावे. महिला सदस्याच्या जागी तिचा पती सभेला बसतो, हे चालू देऊ नये. सभेची वेळ तिच्या सोयीची ठेवावी.

सभा महिन्यातून एकदा व्हावी आणि विषयपत्रिकेवरचा पहिला विषय मुलांच्या वाचनाचा व हजेरीचा असावा, बांधकाम आणि खर्च त्यानंतर यावेत. इतिवृत्त वाचून दाखवून मगच सह्या घ्याव्यात. घरोघर रजिस्टर फिरवून गोळा केलेल्या सह्यांवर उभी असलेली समिती अडचणीच्या वेळी शाळेच्या पाठीशी उभी राहत नाही. पोषण आहाराची चव पाळीपाळीने पालकांनीही घ्यावी आणि चव नोंदवहीत आपले मत स्वतः लिहावे किंवा लिहवून घ्यावे.

पैशाचा हिशेब उघडा ठेवला की विश्वास वाढतो. समग्र शिक्षा या शासकीय योजनेअंतर्गत संयुक्त शाळा अनुदानाचे प्रमाण पटावर ठरते: तीसपर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारपर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १,००,००० रुपये, आणि त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. आलेली रक्कम, तारीख आणि प्रत्येक खर्च फळ्यावर लिहून तो फळा शाळेच्या दारात ठेवावा.

कलम २२ मधील शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तयार व्हायला हवा. बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापक तो एकट्याने, मागील वर्षीच्या प्रतीवरून भरतात. त्याऐवजी दिवाळीच्या सुट्टीनंतर पालकांनी मुलांसोबत शाळाभर फिरावे, मुतारीला पाणी आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पहिलीच्या मुलाला नळ हाताला लागतो का, हे स्वतः पाहावे आणि मग आराखड्याला बसावे. मुलींना शाळेत कशाची भीती वाटते, हे आयांनी वेगळ्या बसून विचारलेले अधिक चांगले कळते.

मतभेद आणि तक्रारी

'दोन फटके द्या, पण वळण लावा' असे म्हणणारे पालक आजही भेटतात. शिक्षकाने नम्रपणे पण ठामपणे सांगावे की कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे आणि मार खाणारे मूल चूक लपवायला शिकते, सुधारायला नाही. उलट पालकाची शिक्षकाविषयी तक्रार असेल, तर त्यांनी आधी वर्गशिक्षकाशी, मग मुख्याध्यापकांशी, मग समितीत आणि तरीही समाधान न झाल्यास केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जावे. मात्र मुलाच्या सुरक्षिततेचा किंवा लैंगिक छळाचा प्रश्न असेल तर ही पायरी पाळत बसू नये, थेट पोलिसांकडे किंवा १०९८ या बालसेवा क्रमांकावर कळवावे, आणि शाळेने ते दडपण्याचा विचारही करू नये. मुलासमोर शिक्षकाने पालकांना आणि पालकांनी शिक्षकाला कमी लेखणारे बोलू नये. मूल दोघांचेही ऐकेनासे होते.

एप्रिलमधील हस्तांतरण

वर्षअखेरीस शेवटची भेट पुन्हा पहिल्या पालक सभेसारखी, मुलाला शेजारी बसवून घ्यावी. त्या वेळी ठरवलेले एक काम झाले का, ते पाहावे आणि सुट्टीत घरी करण्यासाठी नवे एक काम द्यावे, दोन पुस्तके सोबत द्यावीत. वर्गशिक्षकाने वर्षभराच्या आपल्या वहीतून प्रत्येक मुलाविषयी अर्धे पान पुढच्या वर्गशिक्षकासाठी लिहावे: घरी बोलायचे कोणाशी, ती व्यक्ती कोणत्या वेळी भेटते, मूल कुठे अडते, काय केल्याने पुढे सरकले. शिक्षकाची बदली झाली तर ही पाने मुख्याध्यापकांकडे राहावीत आणि नव्या शिक्षकाने जूनच्या गृहभेटींना निघण्यापूर्वी ती वाचावीत.